पावेल मास्तरचा कागद

...नाही, पण मी म्हणतो, पायानं चेंडू मारायला शिकवणं एवढाच ज्याचा धंदा, त्याच्या हातांत बेड्या कशाला? घालायच्याच तर पायांत घालायच्या! तुम्हाला सांगतो, पावेल मास्तर रशियाचा माणूस. पावेल हे नाव हो त्याचं! कल्याणात आला तेव्हा खानावळवाली आवडाबाई विचारते, "नाव काय?" हा म्हणतो, "पावेल." ती म्हणते, "देव सगळ्यांनाच पावेल रे बाबा, तू नाव सांग!"

तर हा तिकडे रशियात एका इंग्रजाच्या कापडगिरणीत होता. तिथल्या इंग्रज कारागिरांकडून फुटबॉल शिकला, आणि इतका शिकला की गिरणीनं त्यालाच टीमचा मास्तर केलं. मग गिरणी जळाली, टीम पांगली, आणि हा आगबोटीच्या भट्टीत कोळसा ओढत ओढत मुंबईला उतरला, तिथून कल्याणच्या इंजिनशेडमध्ये फिटर. शेडच्या साहेबाला त्याचं जुनं काम कळलं. साहेब म्हणाला, "वेल पावेल, आपले देशी कामगार तयार करो. छे महिने. मग ठाण्याच्या गोऱ्यांशी मॅच. जिंकलास तर कायमचा मास्तर, नाही तर बिस्तरा बांधो!"

मराठी शिकवली आवडाबाईनं. मग व्हायचं तेच झालं. सहा फूट उंची, छातीपर्यंत दाढी, आणि मैदानात उभा राहून गरजतो, "काळुराम! मी मेली रे ओरडून ओरडून!" सांगा, यात पावेलचं काय चुकलं?

हा काळुराम मिठागरातला गडी, आता शेडमध्ये कोळसा भरणारा. पाय म्हणजे लोखंड! पण चेंडू मिळाला की सुटलाच... एकटा! पावेलनं बिचाऱ्यानं कागदावर चाल काढली, बाण काढले, फुल्या मारल्या. काळुरामनं डावीकडून धावायचं, चेंडू गोविंदाकडे मारायचा, गोविंदानं तो न अडवता दोन पायांमधून सोडायचा, आणि मागून धाकू शंटरनं, म्हणजे यार्डात डबे जोडणाऱ्या धाकूनं, येऊन गोल मारायचा. सोपं आहे की नाही? सहा महिन्यांत एकदा, अहो एकदा तरी झालं का तसं? काळुराम म्हणायचा, "मास्तर, गोल मना समोर दिसतंय, त त्या गोविंद्याला कशाला देव?"

आणि मॅचच्या सकाळी खानावळीत पोलिस! त्या दिवसांत सरकारला रशियाची कोण धास्ती! अफगाणिस्तानातून रशियाची फौज उतरणार म्हणून साहेबलोकांची झोप उडालेली. त्यात जंक्शनच्या गावात दाढीवाला रशियन, आणि त्याच्या पेटीत बाणांचा कागद! पोलिससाहेब फुलीवर बोट ठेवून विचारतो, "ये क्या है?"

"धाकू."

"धाकू? हा कुठला किल्ला?"

"किल्ला नाही साहेब, शंटर आहे. मी खरं सांगते!"

झालं! हवालदार पुढे होऊन कानाशी लागला, "साहेब, बाईसारखा बोलतो. वेषांतराची सवय दिसते!" घातल्या बेड्या. सांगा, यात पावेलचं काय चुकलं?

पावेल पांढराफटक. परक्या मुलखात कुणाला हाक मारणार? पण आवडाबाई हातातलं लाटणं घेऊन दारात आडवी. "अहो साहेब, तो कागद घ्या आणि या मैदानात. पोरं कागदासारखी खेळली तर सोडाल का नाही?"

साहेबानं मिशी ओढली. "खेळली तर सोडतो. नाही तर संध्याकाळच्या गाडीनं मुंबई. मग काळं पाणी."

आता आली पंचाईत! ज्या पोरांनी जन्मात ती चाल खेळली नाही, त्यांच्या पायांत मास्तरचा जीव! मैदानाच्या कडेला पावेल बेड्यांत उभा, शेजारी पोलिससाहेब कागद उलगडून, आणि तोंडातून शब्द काढायची मनाई. पोरांना आवडाबाईनं सगळं सांगितलेलं, तर त्यांचा आणखीच गोंधळ. पहिला डाव गेला. गोविंदा चेंडूवरच पडला. दुसरा अर्धाअधिक गेला. धाकू भलतीकडेच. गोल कुणाचाच नाही. साहेबानं घड्याळ काढलं, "पाच मिनिटं." पावेलचे ओठ नुसतेच हलतायत...

आणि चेंडू काळुरामला मिळाला! सुटला डावीकडून! एक गोरा चुकवला, दुसरा चुकवला, गोलवाला पाय घसरून खाली, समोर गोल सताड उघडा! एक लाथ, की मॅच जिंकली, की पावेल कायमचा मास्तर... पण काळ्या पाण्यावर! काळुराम थबकला. कडेला पाहिलं. पावेलनं डोळे मिटले.

काळुरामनं चेंडू गोविंदाला मारला.

गोविंदानं पाय फाकवले. चेंडू आरपार! मागून धाकू आला, बाणावर बोट ठेवल्यासारखा आला, आणि असा हाणला, असा हाणला... की चेंडू गोलावरून पार खाडीकडे!

शिट्टी झाली. मॅच बरोबरीत. पोलिससाहेबानं कागद पाहिला, मैदान पाहिलं, आणि स्वतःच्या हातानं बेड्या काढल्या. तिकडून शेडचा साहेब ओरडला, "जिंकला नाही! बिस्तरा बांधो!"

पावेलनं काय करावं? गळ्यात पडावं ना? तो धावत काळुरामकडे गेला, डोळ्यांत पाणी, आणि कडाडला, "गाढवा! मोकळा गोल सोडते? तू का नाही मारते?"

काळुराम म्हणतो, "मास्तर, सा महिन्यांत पयल्यांदा तुमचा ऐकला, त त्यो पन तुमाला नको?"

मास्तर गवतात बसला, मनगटं चोळली, दाढीला डोळे पुसले. नोकरी गेलेली, बिस्तरा बांधायचा होता. तरी म्हणतो कसा, "उद्या सकाळी सगळे या. साडेसहाला. गोल मारायचं मी शिकवते."

आले हो सगळे!

साडेआठला.