थोरल्यांची नळी

देवासच्या नाक्यावर टांग्याची वाट पाहणाऱ्या भगवंत मिस्त्रीच्या कानावर दोन कारभाऱ्यांचं भांडण पडलं. थोरल्या-धाकट्या सरदार भावांचा कापड रंगवायचा रंगारखाना एकच, कारभारी मात्र ज्याचा त्याचा. बॉयलर एक, रंगाच्या कढयांकडे वाफ नेणाऱ्या नळ्या दोन. मापं भगवंतानंच दिली होती.

"थोरल्यांना एक इंची, अन् धाकट्यांना तीन?" थोरल्यांचा कारभारी म्हणाला.

"भिया, तुमची कढई एक, आमच्या दहा!"

"कढया मोजू नका. मान थोरल्यांचा. आमची चार इंची पाहिजे."

"एका कढईला? नळीतच वाफेचं पाणी होईल."

"मग आत एक इंचीच राहू द्या. वरून सुतळी गुंडाळून चार इंची दिसली म्हणजे झालं."

"वा! सुतळीनं वाफ गरमही राहते. आमच्याही नळीला गुंडाळतो."

"खबरदार! सुतळीचा मान थोरल्यांचा."

"अन् आमच्या दहा कढया?"

"धाकट्यांनी कोमटावर भागवावं."