देव वाढत नाही

— नाही हो साहेब, इथं कुणी तंगवेल राहत नाही. मान जरा मागं टाका — हां, अशी. कोण म्हणालं तुम्हांला? कोपऱ्यावरची फुलवाली? ती काय, कुणालाही काहीही सांगते. चेन्नईहून एवढ्या लांब आलात, टीव्हीवाले आहात म्हणता, तर निवांत दाढी करून घ्या, डोंगर चढून दर्शन घ्या, घरच्यांना पंचामृताचा डबा घ्या, आणि जा सुखानं परत. मी ओळखतो का त्याला? ओळखतो की. तेव्हा कोण ओळखत नव्हतं? त्याची मालिका लागली की या पळणीच्या रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही. बाया टीव्हीपुढं कापूर लावायच्या, आणि पोरगं पडद्यावर आलं की हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. बाळमुरुगन! कमरेला लंगोटी, हातात दांडा, डोकं गुळगुळीत, कपाळभर भस्म — आईबापांनी फळ थोरल्या भावाला दिलं म्हणून रुसून डोंगरावर येऊन बसलेला देव असाच असणार, असं माझी बायको म्हणायची. आणि माझी बायको कुणाला सहजासहजी चांगलं म्हणणाऱ्यांतली नव्हती, मलासुद्धा नाही.

ते डोकं मी करायचो. खरंच. हसू नका, वस्तरा आहे गालावर. मी मुंडनाच्या मंडपात बसायचो तेव्हा, जत्रेला माणसं रांग लावायची. मालिकावाले आले, म्हणाले, पळणीचाच न्हावी पाहिजे, देवाच्या डोक्याला देवाच्या गावचा हात. घेऊन गेले चेन्नईला. मला वाटलं, काय ते काम, एकदा केलं की पंधरा दिवस सुट्टी. कसली सुट्टी! त्या दिव्यांखाली जरासा खुंट असला तरी डोकं काळपट दिसायचं. मग रोज सकाळी — रोज, ताप असो, काही असो — ते पोरगं येऊन माझ्यापुढं मांडी घालून बसायचं. सहा-सात वर्षांचं. झोपेत असायचं अर्धं. वस्तरा लागून लागून कातडी सोलवटलेली, कानामागं फोड, आणि त्यावर मी चंदनाचा लेप द्यायचो. लोकांना वाटायचं, किती छान, देवाला चंदन. ते फोड झाकायला होतं साहेब. "आजा, आज हळू कर हं," एवढंच म्हणायचं. मी हळूच करायचो. पण हळू केलं तरी वस्तरा तो वस्तराच, नाही का.

नाही, आईबाप वाईट नव्हते. तुम्ही असं लगेच लिहून टाकू नका. बाप यंत्रमागावर होता, मागाच्या आवाजानं ऐकायला कमी यायचं त्याला. असल्या घरात देव जन्माला आला म्हटल्यावर माणसं काय करणार? पण पोर वाढायला लागलं ना. दोन वर्षं गेली, तीन गेली, लंगोटी अपुरी पडायला लागली. मालिकावाले आईला म्हणाले, अम्मा, देव वाढत नाही. डोंगरावरचा हजार वर्षं तेवढाच आहे. त्या बाईनं मनावर घेतलं. संध्याकाळचा दहीभात बंद केला. का? तर वाढू नये म्हणून. पोर सेटवर नैवेद्याच्या ताटाकडं बघत बसायचं — आणि ते ताट रंगवलेल्या लाकडाचं, बरं का, केळीसुद्धा लाकडाची. मी माझ्या डब्यातली इडली त्याला वस्तऱ्याच्या पेटीआडून द्यायचो. खाताना आवाज नको म्हणून ते न चावता गिळायचं. आजही तसंच जेवतो, कितीदा सांगितलं, अरे चाव, आता कोण —

काय? नाही, आज म्हणजे — असं कुणीतरी सांगितलं मला. कुठंतरी भेटला असेल कुणाला. हनुवटी वर करा जरा.

मग आवाज फुटला. जेवण तोडता येतं, आवाज कसा तोडणार? त्या सकाळी येऊन बसला माझ्यापुढं, मी पाणी लावायला हात उचलला, तर मॅनेजर म्हणतो, याचं नको आज, त्या नव्या पोराचं कर. दारात दुसरं एक पोरगं उभं, जावळ काढायला आणल्यासारखं रडत. मी केलं. काय करणार, पोटाचं काम. तंगवेल तिथंच बसून सगळं बघत होता. शेवटी मला विचारतो कसा, "आजा, मग मी आता केस वाढवू?" एवढा आनंद झाला होता हो त्याला. त्याला वाटलं, सुटलो.

सुटतोय कुठला! मी आलो गावी परत, आणि त्याला आईबापांनी गावोगाव फिरवायला काढलं. मोराची गाडी केली, वर त्याला बसवायचं. टीव्हीवरचा नवा पोरगा लोकांना पटला नव्हता, लोकांचा मुरुगन हाच. आणि आपल्याकडं बाळाचं जावळ मामाच्या मांडीवर काढतात, कान टोचतात तेही मामाच्याच मांडीवर — ते तुम्हांला ठाऊकच आहे, तुमचंही काढलं असेल. तर लोक म्हणायला लागले, मामा कशाला, साक्षात बाळमुरुगन असताना? मामे बाजूला उभे, रुसलेले, आणि बाळं याच्या मांडीवर. अट एकच — बोलायचं नाही. आवाज फुटलेला ना. देवाला असला घोगरा आवाज असतो का? बाप समोर उभा राहायचा, ओठांवर बोट ठेवून.

झालं, एवढंच. पुढचं मला माहीत नाही. दुसरा हात फिरवू का, साबण लावून? लावतो.

तुमचा कार्यक्रम कसला आहे पण? जुने कलाकार बोलावणार. बरं. हार घालणार. बरं, घाला. आणि? ... काय म्हणालात? लोकांची बाळं आणणार, त्याच्या मांडीवर —

नाही. नाही नाही. ते नाही करायचं साहेब. थांबा, रक्त आलं वाटतं, तुरटी लावतो — चुकून लागला, माझा हात नाही असा कधी — तुम्ही असं करू नका. बाळ देऊ नका त्याच्याजवळ. तसं नाही हो! त्यानं काही केलेलं नाही, तुम्ही भलतंच काय घेता मनात! ऐका, नीट ऐका, नाहीतर उगाच काहीतरी दाखवाल. ओड्डनछत्रमच्या बाजूला एका गावात गाडी लागली होती. एक बाई बसमधून उतरली, कडेवर तापलेलं पोर. दवाखान्यासाठीच उतरली होती ती, दवाखाना समोर होता, रस्ता ओलांडला की दार. पण ढोल वाजत होता, गर्दी होती, आणि गर्दीच्या वर मोरावर बसलेला मुरुगन. तुम्ही असता तर काय केलं असतं? तुम्ही शिकलेले. ती वळली. रांगेत उभी राहिली उन्हात, आणि नंबर आला तेव्हा पोर त्याच्या मांडीवर ठेवलं. तो म्हणतो, आजा, लंगोटीवर निखारा ठेवल्यासारखं वाटलं. त्याला कळलं होतं. बारा-तेरा वर्षांच्या पोराला कळतं की ताप म्हणजे काय. दवाखान्यात न्या, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर बाप, ओठांवर बोट. हा गप्प बसला. खालून तिथल्या न्हाव्यानं पाणी लावलं त्या बाळाच्या डोक्याला, आणि मग ते बाळ हळूहळू गार होत गेलं. याला वाटलं, उतरला ताप.

आणि ती बाई, साहेब — पोर गेलं तिचं, ती ओरडली असती, थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं. तिनं याच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, माझं पोर देवानं मांडीवर घेतलं. दुसऱ्या बायांनीही हात जोडले. ढोल थांबला नाही. आणि हा बसून.

त्यानंतर बोललाच नाही कितीतरी वर्षं. आईबाप गेले, भाऊ कुठं कुठं पांगले. एक दिवस इथं दारात उभा — दाढी छातीपर्यंत, केस कमरेपर्यंत. मी ओळखलं नाही, डोळ्यांवरून ओळखलं मग. आत ये म्हटलं. त्या रात्री हे सांगितलं त्यानं मला, एकदाच. म्हणाला, आजा, कुणाला सांगू नको. मी म्हटलं, माझ्या जिभेला हाड आहे, तू नीज. तेव्हापासून मागच्या खोलीत असतो. टॉवेल धुतो, पाणी तापवतो, गिऱ्हाईक आलं की पडद्याआड. कुणी तान्हं पोर घेऊन आलं तर मागच्या दारानं नदीकडं निघून जातो, संध्याकाळी येतो. मी काही विचारत नाही. दहीभात ठेवतो झाकून.

...असं का बघता? हां. हो. आहे तो. आत आहे. सांगून बसलो मी, काय करू आता. पण बसा, उठू नका, तिकडं जाऊ नका, साबण आहे तोंडाला. मी हात जोडतो. तुम्हीही कुणाचं लेकरू आहात. ते बाळाचं दाखवू नका, ती बाई अजून असेल कुठंतरी, देवापुढं दिवा लावत असेल. काय? माणसांच्या काळजाला भिडेल? कुणाच्या हो?

थांबा. गरम पाणी हवं. तंगवेल! बाबा, तांब्या दे जरा पडद्याखालून... तंगवेल?

झोपला असेल.

नाही, या वेळी झोपत नाही तो. बघू — पडदा सरकवतो जरा — चूल पेटलेलीच आहे. पाणी उकळून चाललंय. दार... मागचं दार उघडं आहे. सगळं ऐकलं त्यानं. या पडद्याआड उभं राहून, माझ्या तोंडून.

उठा साहेब. नाही, राहू दे अर्धी. पुसा तोंड, तो टॉवेल घ्या, आणि बसस्टँडकडं जा. नदीकडं येऊ नका माझ्या मागं. उठा म्हटलं ना. मला दुकान बंद करायचंय.