पांढऱ्या ताटातला भात

हॅलो?… हो, नरहरीची बहीणच बोलतेय. बोल, वनजा… आजही जेवला नाही? म्हणजे तिसरा दिवस… नळी? नाकातून?… डॉक्टर किती वाजता येणार?… एकला? अगं, साडेबारा तर झालेच.

नाही, ऐक ना. आई गेली म्हणून जेवत नाही, असं तुम्ही म्हणता. असेलही. पण तेराव्याला इथे अग्रहारातल्या घरी, माझ्यासमोर पोटभर जेवला गं तो… हो. बोगादीला, तुमच्या संस्थेत आणल्यापासूनच बंद.

ताट समोर आहे? काय काय वाढलंय?… भात, सारू, बीन्सचं पल्य, दही, पापड… ताट कसलं?… पांढरं. काठाला फुलं. आणि टेबलावर?… मेणकापड, तेही फुलाफुलांचं. तो कुठे बघतोय?… मेणकापडावरच्या फुलाकडे. बोट फिरवतोय त्यावरून.

अय्यो, डोळे चांगले आहेत त्याचे, तपासलेत. चाळीस वर्षांचा झाला, पण समोर दहा गोष्टी आल्या की हवी ती निवडता येत नाही त्याला. नजर एकीवर अडकते, ती तिथेच. आईला नेलं तेव्हा हारातलं एक शेवंतीचं फूल बघत बसला. लोक म्हणाले, याला काही कळत नाही…

हो, चूक माझीच. कपडे, औषधं, सगळं लिहून दिलं. आई कशी वाढायची, ते राहिलं.

केळीचं पान मिळेल?… मागच्या झाडाचं? काप मग. ताट उचल, मेणकापड काढ. शेजारच्यांना लांब बसव. फक्त पान, आणि त्यावर सारू कालवलेला भात. मूठभर. ‘जेव, जेव’ म्हणू नकोस… मी थांबते.

… हॅलो? हो, आहे… कुठे बघतोय? भाताकडे?… हात धरू नकोस त्याचा. राहू दे.

घास घेतला?… दुसराही?… बरं. बरं… नाही, काही नाही, बोल तू.

आता पल्य. नुसतं तेवढंच… का? का थांबला?… काय म्हणाला?… परत सांग.

‘आईला वाढ.’

… हो, ऐकतेय. नको, समजावू नकोस. दुसरं पान आहे?… माहीत आहे गं, दुसरं पान मांडलं की नजर तिकडे जाईल, याचं जेवण राहील… जाऊ दे, वनजा. मांड. तिला वाढ.

रिक्षा बघते, निघालेच मी. ठेवते.