खड्ड्याला घातलेली मान

माझ्या नव्या चष्म्यापायी कोकमाचा धंदा हातचा जात होता, ते सांगतो. जवळचं-लांबचं एकाच काचेत दाखवणारा चष्मा. चष्मेवाल्यानं बजावलं, "शेट, काचेचा खालचा भाग वाचण्यापुरता. गाडी चालवताना खड्डा बघायचा तर हनुवटी खाली घ्या." अणशी गावाच्या रस्त्यावर मी इमानानं प्रत्येक खड्ड्याला मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी पार्वतीअक्का दुकानात हजर. दरसाल कोकमाची सोलं मलाच देणारी बाई.

"काल रस्त्यावर मी गाडीला हात केला, तू मान हलवलीस. म्हंजे थांबतो म्हणालास, आन् तसाच गेलास. यंदा सोलं दुसऱ्याला."

"अक्का, ती मान खड्ड्याला होती."

"मला शिकवू नको."

शेवटी तिला माझ्या व्हॅनमध्ये शेजारी बसवून अणशीला सोडायला निघालो. खड्डा आला, मी मान खाली घेतली, आणि बसची वाट बघणारे दोघं पिशव्या उचलून धावले. अक्कासमोर न थांबून कसं चालेल? पुढं प्रत्येक खड्ड्याला तेच, अणशी येईतो व्हॅन भरली.

"पटलं बाबा, सोलं तुलाच," उतरताना अक्का म्हणाली. "पण चष्मा ह्योच ठेव. बसचा काय भरवसा न्हाई."