ताटातली ढोलकी

तिथं नको सोमादादा, इकडं चटईवर बसा. आणि त्या ताटाला पाय लावू नका हां, अख्खी सकाळ गेलीय माझी त्याच्यात. मण्यांसारखे दिसतात ना? रेझिस्टर हायत ते. अंगावरचे रंगाचे पट्टे बघून निवडायचे — एक जरी भलत्या जागी बसला तरी सगळं मुकं. नाय, रेडिओ नाय हो. तालाचं मशीन. किट येतं असं, भाग सुट्टे, आपण जोडायचे. भावानं पाठवलंय मुंबईवरनं. मी लग्नाआधी रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केलेला, तुम्हाला कुठनं म्हाईत असणार — घरातपण विसरले सगळे. आज निवडून ठेवते, उद्या सोल्डरिंगला बसते.

ढोलकी? देते की. पार्टीची वस्तू हाय, मी कशाला अडवू? चहा तर घ्या आधी. आणि जरा हळू बोला — हे आत झोपलेत.

वीस मार्चला तळ्यावर गायचंय, हाय मला ध्यानात. तुम्ही दासगावचा वाजवणारा ठरवलात, तेपण कळलं. राग नाय दादा. गायन पार्टी तुमची, तुम्हाला माणूस पायजेच. पण मशीन एकदा ऐकून तर घ्या! चाटेच्या बारीक बोलांना बटणं हायत, डाव्या हाताची बोटं पुरतात. धूमेच्या घुमणाऱ्या बोलांना मी पायाचं बटण जोडणार हाय. गिरणीच्या पट्ट्यानं ह्यांच्या उजव्या हाताची बोटं नेली, डावा तर ठेवलाय ना? आणि ताल काय नुसता बोटांत असतो? तुम्हीच म्हणायचात, प्रितम मागं बसला की मला वळून बघावं लागत नाय. म्हणायचात ना? मग? — हो, ते तयार हायत की. खूश हायत. कालच बोलले — काय बोलले बरं — नाय, काल नाय. काल काय बोललेच नाय.

अहो, माळ्यावर हाय ती, तुम्ही नका चढू! बसा. बसा म्हणते ना — सांगते. फाटलीय ढोलकी. उंदरांनी — उंदरांनी कसली. ह्यांनीच विळा घातला. दोन्ही बाजूंच्या कातडी पुड्या. मी बाजारात गेलेली, येऊन बघते तर मांडीवर घेऊन बसलेले, वाजवायला बसायचे तस्सेच — आणि कापतायत. ओरडणं नाय, रडणं नाय. कुणी भाजी चिरावी तसं. मी पुड्या चढवून आणून देते तुम्हाला, पण पार्टीत बोलू नका, तुमच्या पाया पडते.

आता कुणाला सांगायचं होतं मी? सासूबाई विचारतात जेवला का, म्हणते जेवले. तुम्ही विचारता कसा हाय, म्हणते खूश हायत. आणि ढोलकी कापली त्याच्या दुसऱ्या दिवशी चपला दारात आणि माणूस नाय. मी तशीच धावत सुटले, ती सावित्रीच्या पुलावर. कठड्याला टेकून उभे, खाली पाणी बघत. हाक मारली नाय मी — दचकले तर? जवळ गेले आणि मागनं सदरा धरला मुठीत. म्हटलं, चला, भाकऱ्या गार होतायत. आले. सदरा मी घरापर्यंत सोडला नाय. लोक बघत होते, बघू देत. तिथनं येऊन पीसीओवरनं भावाला फोन केला — म्हटलं, कायपण पाठव, पण असं पाठव की ज्याला ह्यांचा कान लागेल. हात नको, कान. ह्यांना अजून मी सांगितलंपण नाय दादा. आज ताट मांडलं आणि तुम्ही आलात.

काय म्हणता, तळ्यावर मशीन शोभत नाय? लोक हसतील? — मग बसवा तुमचा माणूस! बसवा, पण ह्यांना ते सांगायला येऊ नका. मी सांगेन, माझ्या परीनं, हळूहळू, तोवर मला जरा —

काय झालं? तिकडं काय बघताय?

अहो. कधी उठलात?

ऐकलंत ना सगळं. बरं. ऐकलंत तर ऐकलंत. तो पडदा सोडा आधी, असा आवळून नका धरू. या. — काय, हा? ह्याला प्रीसेट म्हणतात. स्क्रूड्रायव्हरनं फिरवला की आवाज चढतो, उतरतो. नाय, कुठं थांबवायचा ते मला नाय कळत, माझा कान तसला नाय. — हां, डाव्यानंच धरा. सावकाश. — काय बोललात? परत बोला. काळी पाच? पेटीच्या काळी पाचलाच लावायची? लावू. तुम्ही सांगाल तिथं थांबवू. बसा, इथं बसा, माझ्या बाजूला.

सोमादादा, तुम्ही निघा आता. जयभीम. जाताना दार लोटून घ्या, वाऱ्यानं भाग उडतात.