ओळीनं अकरा एक

छबुबाई : पण सांगा तरी भावजी, इतक्या वर्षांनी आमच्या उंबऱ्याला पाय लागला, तो कावून?

मोहनराव : वहिनी, बाजूला व्हा. तुमच्या नवऱ्याची खोड मोडायला आलोय.

गहिनीनाथ : कोण, मोहन्या? येऊ दे. घाटनांदूरला बदली झाल्यापासून पोरांकडून पाढे घोकून घेतोस म्हणं. तुझ्या जोगं काम.

मोहनराव : हेच बोलला होतास, आपण दोघं मास्तर होतो त्या मदरशात, शाळा तपासायला आलेल्या हैदराबादच्या साहेबासमोर! "अकरा एक ओळीनं मांडा, ही संख्या कशानंच फुटत न्हाई." मी नुसतं "कशावरून?" विचारलं. तर म्हणालास, "मोहनरावाला पाढे येतात, गणित येत न्हाई." सगळा मदरसा हसला बे. चपराशीसुद्धा.

गहिनीनाथ : मग, गलत बोललो?

मोहनराव : गलत. फुटली तुझी संख्या.

गहिनीनाथ : हॅ! हजार कोटीच्या वरची संख्या, अन् तू फोडलीस? तीननं भागलं असशील, मग सातनं, मग तेरानं. असंच मरेस्तोवर.

मोहनराव : तेवढा गाढव न्हाई मी. हिला जी फोडेल, तिला बावीसनं भागून एक उरलाच पायजे. बाकीच्यांना हात लावायचं कामच न्हाई.

गहिनीनाथ : बावीस? बावीस कावून?

मोहनराव : एकाचे आकडे अकरा हायेत, म्हणून अकरा. अन् फोडणारी संख्या विषम, म्हणून दुप्पट. तेवीस, मग पंचेचाळीस स्वतःच फुटते म्हणून ती सोडून सदुसष्ट, एकोणनव्वद, असा वर चढत गेलो. ही घे पाटी. वाच.

गहिनीनाथ : वाचलं. नुसतं गिचमिड. घेऊन जा.

मोहनराव : वाचलं? पाटी उलटी धरलीस की! इतकी मगरुरी, की बघायचंसुद्धा न्हाई?

छबुबाई : भावजी, त्यांना दिसत न्हाई.

मोहनराव : काय?

छबुबाई : काचबिंदू. दोन्ही डोळे गेले. नोकरी सुटली. कुणाला सांगू देत न्हाईत. बाहेर जायचं तर मागल्या दारानं, माझा हात धरून.

गहिनीनाथ : गप बस! या मास्तरची दया नको मला.

मोहनराव : दया कोण करतंय? आण ती पाटी इकडं.

(मोहनराव पाटी सरळ करतो. मोठ्यानं वाचू लागतो.)

मोहनराव : एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. त्याला गुणायचं पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीसनं.

गहिनीनाथ : थांब, तू नको करूस. नवा नवे एक्याऐंशी. शेवटी एक. एवढं कुणालाही जमतं. नऊ त्रिक सत्तावीस, चार नवे छत्तीस, हातचे आठ. एकाहत्तर. एक.

छबुबाई : घाम आला की तुमाला.

गहिनीनाथ : अठरा, बारा, चोपन्न, हातचे सात. एक्याण्णव. पुन्हा एक. मोहन्या...

मोहनराव : थांबलास कावून? अजून आठ हायेत.

गहिनीनाथ : बोलू नको. हातचा विसरंल.

छबुबाई : बोटं मोजतेत नुसती. ओठ बी हलेनात. झालं का हो?

गहिनीनाथ : झालं. अकराच्या अकरा एक.

मोहनराव : मग हस आता. हस की!

गहिनीनाथ : ते दोन तुकडे? ते पुढं फुटतात का?

मोहनराव : न्हाई. तेबी तपासलं.

गहिनीनाथ : कुणाकुणाला सांगितलंस?

मोहनराव : सांगू कुणाला? घाटनांदूरचे लोक विचारतात, फोडून आत काय निघालं मास्तर, शेंगदाणे? साहेबाला तर तो दिवससुद्धा आठवत नसंल. एवढ्या मुलखात ऐकून घेणारा तू एकटा, अन् तूच असला निघालास.

गहिनीनाथ : लई उशीर लावलास पण. माझ्या हातात असती तर वर्षात फोडली असती.

मोहनराव : फोडायची होती मग! कुणी हात धरला होता?

छबुबाई : भावजी, भाकरी टाकू का?

मोहनराव : नको वहिनी. गाडीवाला थांबलाय, निघतो मी.

गहिनीनाथ : छबू, गाडीवाल्याला सांग, जा म्हणावं. हा मुक्कामाला हाय.