मधला खांब

निहार : तू फक्त ऐक. मधे बोलू नकोस.

दीप्ती : मी कधी बोलते मधे?

निहार : हे आत्ता. तर आपला सुयोग, वाळवीचं औषध मारायला जातो ना, त्याला परवा मरोळ गावठाणात पाठवलं. जुनं लाकडी घर. बेसिल अंकल आणि एथेल आंटी, दोघंच राहतात. फोन केलेला त्यांच्या मालाडच्या मुलाने, क्लिफर्डने. म्हणे, नीट बघ आणि रिपोर्ट मला पाठव.

दीप्ती : त्यांना नाही?

निहार : तेच ना. त्याला दोघांना मालाडला न्यायचंय, जागा बिल्डरला द्यायचीय. अंकल म्हणतात, घर धडधाकट आहे, मी हलणार नाही. मग बापलेकाचं ठरलं, वाळवीवाला सांगेल ते फायनल.

दीप्ती : सुयोग सांगेल ते? वाट लागली.

निहार : ऐक ना यार. हॉलच्या मधोमध खांब, छपराचा सगळा भार त्याच्यावर. निळा, चकचकीत. अंकल म्हणाले, दर नाताळला मी स्वतः रंगवतो, एक वर्ष चुकवलं नाही. सुयोगने स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकली तर आवाज रिकाम्या खोक्यासारखा. मग टोक टेकवलं. नुसतं टेकवलं हां. मुठीपर्यंत आत गेलं.

दीप्ती : आणि लाकूड?

निहार : कुठलं लाकूड. माती आणि भुसा. नुसता रंग उभा होता, थरावर थर. वाळवीच्या मातीच्या रेघा दिसल्या की अंकल त्या खरवडायचे आणि वरून ब्रश मारायचे. त्यांना वाटायचं, ओल आहे.

दीप्ती : इतकी वर्षं?

निहार : अंकल आंटीला म्हणाले, एथेल, चहा टाक गं पोराला. ती आत गेली तसा रुमाल काढला, खाली बसून सांडलेला भुसा गोळा केला, रुमाल खिशात. बोलले काहीच नाही.

दीप्ती : लिहू नको, असंही नाही?

निहार : नाही ना. सुयोग म्हणतो, बोलले असते तर सोपं गेलं असतं.

दीप्ती : मग त्याने लिहिलं काय?

निहार : मधला खांब गेलाय, आजच टेकू लावा, खांब बदलला की घर राहू शकतं.

दीप्ती : मग बरोबरच लिहिलं की.

निहार : अगं, वर वासे आहेत. वाळवी खांबातून वरच चढते ना. शिडी लावून एकेक वासा ठोकून बघायचा असतो. तेही पोखरलेले निघाले तर घर सोडावंच लागतं. सुयोगने शिडी लावलीसुद्धा. तेवढ्यात आंटी चहा घेऊन आली आणि म्हणाली, वरचं सगळं सागाचं आहे हां, माझ्या सासऱ्यांनी निवडलेलं.

दीप्ती : मग?

निहार : चहा प्यायला. शिडी मिटली. लिहिलं, वासे ठीक.

दीप्ती : न बघता? अरे, छप्पर आलं खाली तर?

निहार : टेकू लागलाय, सुतार येऊन माप घेऊन गेला. क्लिफर्डनेही परत मालाडचं नाव काढलेलं नाही. दोघं तिथेच जेवतात, तिथेच झोपतात.

दीप्ती : आणि सुयोग?

निहार : मला विचारत होता, आता मी तुला विचारतो. तू असतीस तर चढली असतीस शिडी?